टिप्याचा मालक

आमच्या मावशीच्या यजमानांइतका भांडकुदळ माणूस अख्ख्या भाईंदरात दुसरा नसेल, आणि असलाच तर काकांचं त्याच्याशीही एव्हाना वाजलं असेल. रत्नागिरीहून येताना लोक आंबे-फणस आणतात. काका नुसता संशय घेऊन आले. सोसायटीत सगळे चोर! भांड्यांवर नाव घातलेलं सगळ्यांच्याच घरी असतं हो, पण यांनी केरसुणीच्या मुठीवरही रंगाने नाव घातलं होतं. भाजीवाल्याशी हिंदीत भांडायचे, हिंदी संपली की मराठीत, आणि उरलेलं घरी येऊन टिप्याशी. टिप्या म्हणजे त्यांचा कुत्रा. "नालायका, फुकट खातोस!" हे त्याला दोन्ही वेळच्या भाकरीबरोबर मिळायचं.

कुत्र्याच्या कातडीखाली ओळखीची चिप बसवतात, हे काकांनी कुठंतरी ऐकलं मात्र! टॅक्सी करून टिप्याला थेट मुंबईच्या डॉक्टरकडे नेलं. तांदळाएवढी चिप मानेत गेली, आणि घरी येताच काकांनी त्याचा पट्टा काढून फेकून दिला. "कायमची ओळख झाली. आता पट्टा कशाला?" माझं डोकंच फिरलं. अहो, चिप वाचायचं यंत्र त्या डॉक्टरकडे! रस्त्यावरच्या माणसाला काय दिसणार, कपाळ? "तू मला शिकवू नकोस," काका गरजले.

व्हायचं तेच झालं. टिप्या हरवला. मावशीने जेवण सोडलं. काका जगाला शिव्या देत हिंडत होते आणि मी काकांना. शेवटी तो जवळच्या राई गावात एका कोळणीच्या अंगणात सापडला, सुकट खाऊन चांगला गलेलठ्ठ झालेला.

"आमचाच हाय," बाई म्हणाली. "पट्टा न्हाय, काय न्हाय. तुमचा हाय तर बोलवा की!"

काकांनी चारचौघांत जन्मात पहिल्यांदा गोड आवाज काढला. "टिप्या, ये बाळा." टिप्याने मान वर केली, पाहिलं आणि पुन्हा डोळे मिटले. काकांचा चेहरा बघवेना. मग एकदम फुटलेच, "नालायका! आम्ही तिकडे मरतोय आणि तू इथे फुकट खातोस?" तसा टिप्या जो उठला, तो मला तुडवत थेट काकांच्या अंगावर! बाई हसतच सुटली. "न्या बाबा, तुमचाच हाय."

गेल्या वर्षी काकांना झटका आला आणि वाचा गेली. टिप्या खाटेसमोर कान टवकारून बसून असतो. भाकरी ठेवली तरी तासन्तास तोंड लावत नाही. परवा संतापून मीच काकांसारखा ओरडलो. त्याने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.