ओळी तुटलेली बातमी

एक गृहस्थ मला नव्वदच्या दशकात, उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या एका डीटीपीच्या दुकानात, एकदाच भेटला. तो मुलीच्या लग्नपत्रिकेचं प्रूफ तपासायला आला होता. मी वार्ताहर होतो; पाणीटंचाईची बातमी छपाईसाठी फ्लॉपीवर आणली होती.

फाइल उघडली तेव्हा नुसती इंग्रजी चिन्हं दिसली. फॉन्ट बदलल्यावर मराठी उमटलं; पण आमच्या कचेरीतल्या कॉम्प्युटरने प्रत्येक ओळीच्या शेवटी टाकलेली खूण इथल्या कॉम्प्युटरला नवा परिच्छेद वाटली. दर तीन-चार शब्दांनी बातमी तुटत होती. ऑपरेटर बाई एकेक ओळ जोडत बसल्या.

त्यांनी आधी काढलेला तुटक ओळींचा प्रिंट त्या गृहस्थाने उचलला, चष्मा कपाळावर चढवला आणि ओळीखाली बोट फिरवत, प्रत्येक तुकड्यापाशी थांबत मोठ्याने वाचू लागला.

"बारवी धरणाची पातळी... चिंताजनकरीत्या खालावली असून..."

"कविता करता काय, साहेब?" बाई माझ्याकडे बघून हसल्या.

मी सुखावलो. माझं लिखाण तोवर कोणी मोठ्याने वाचलं नव्हतं.

शेवटपर्यंत वाचून त्याने कागद उलटून पाहिला. मागे कोरं होतं.

"मस्त लिवलंय, साहेब. पण आमच्या कॅम्प चारला पाणी कधी येणार? पंधरवड्यात पोरीचं लग्न आहे, दारातच मांडव घालायचाय. ते यात कुठंच नाय."

धरणाची पातळी, पावसाची सरासरी, अधिकाऱ्यांची चिंता, सगळं मी लिहिलं होतं. हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं.

मी दुकानातल्याच फोनवरून पाणीखात्याचा नंबर फिरवला. पत्रिकेचं प्रूफ बाजूला ठेवून तो माझ्या खुर्चीशेजारी येऊन उभा राहिला.