मागच्या सीटवरच्या हौसाबाई

भिकाजी शिवगण हे रत्नागिरीतल्या एका विश्रामगृहाचे खानसामा. आलेला साहेब अंडं कितपत उकडलेलं खातो यावरून त्याची बदली कधी होणार ते सांगत, आणि बऱ्याचदा बरोबर सांगत. तीस वर्षांच्या नोकरीत साहेबापुढे आवाज चढवल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. पंच्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर मात्र एकदा तो चढला.

पुण्याच्या एका मोटार कंपनीचे तरुण इंजिनिअर दामले नवी गाडी घेऊन उतरले होते. गाडीला अजून नाव नव्हतं. ती कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून पुढूनमागून काळं रेक्झिन लावलेलं. कोकणातल्या वळणांवर तिची परीक्षा चालली होती, आणि आत माणसांच्या वजनाची वाळूची पोती बसवली होती.

"पोती काही बोलत नाहीत," चहा घेता घेता दामले म्हणाले. "भिकाजी, दोन-तीन दिवसांसाठी एखादं मध्यम आकाराचं कुटुंब मिळेल का? मागच्या सीटवर बसवून बघायचंय."

आमच्याकडे कुटुंब म्हणजे बायको. भिकाजींनी किटली खाली आपटली. "सायब, शिकलेली मानसं तुमी! तुमच्या जिभंला काय हाड?"

मी शेजारीच राहत असल्यामुळे मला बोलावणं आलं. मी उलगडा केला तेव्हा दामले कानापर्यंत लाल झाले. भिकाजी मात्र विचारात पडले.

"कुठवर जाते वो ही गाडी?"

"हातखंबा, पाली, नाणीज, साखरपा, आणि तिथून देवरूख."

"मग आमचं कुटुंब न्या. मध्यम न्हाय, पन बोलतं."

त्याला कारण होतं. देवरूखला त्यांच्या मुलीकडे, तुळसाकडे, शुक्रवारी बारसं होतं. भिकाजींच्या बायकोला, हौसाबाईंना, एस.टी. सोसत नसे. आधीच्या दोन्ही नातवंडांची बारशी त्यांच्यावाचून झाली होती. दुसऱ्या वेळी तर त्या नटूनथटून बसमध्ये चढल्या आणि बस सुटायच्या आधीच तोंडाला पदर लावून उतरल्या. या वेळी तरी बाळाला पाळण्यात आपण घालायचं, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

सोमवारी हौसाबाई गाडीत बसल्या. हातखंब्याला गाडी थांबवावी लागली.

"नेमकं काय झालं?" दामल्यांनी वही काढली.

"व्हायचंय काय? गाडी गेली फुडं, माजं प्वाट ऱ्हायलं मागं."

दामल्यांनी ते तसंच्या तसं लिहून घेतलं. मंगळवारी मागच्या स्प्रिंगा बदलल्या. बुधवारी गाडी पालीपर्यंत गेली.

"आता प्वाट संगं येतं," हौसाबाई रस्त्याकडेला बसून म्हणाल्या, "पन नाचत येतं."

गुरुवारी दिवसभर दामले आणि ड्रायव्हर मन्सूर गाडीखाली होते. भिकाजी दर तासाला चहा घेऊन जात आणि वाकून विचारत, "नाच थांबला?"

शुक्रवारी सकाळी हौसाबाई नवं लुगडं नेसून आल्या. मांडीवर बाळाचं दुपटं. शेजारी दामले वही घेऊन बसले, भिकाजी पुढे मन्सूरजवळ. पाली गेली. नाणीज गेलं. भिकाजींनी मागे वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं. बघितलं की हिला मळमळीची आठवण होईल, ही भीती.

साखरप्याच्या अलीकडे मागून क्षीण आवाज आला, "थांबवा."

"ऱ्हायलं बारसं," भिकाजी पुटपुटले.

पण दार उघडलं ते दामल्यांच्या बाजूचं. दामले बाहेर वाकले होते आणि हौसाबाई एका हातानं त्यांचं कपाळ धरून होत्या.

"वळनावळनाला लिवत कशाला बसलास रे पोरा? भायेर बगायचं! गाडी तूच केलीस, आनि तुलाच सोसंना?"

"तुम्हाला... काही होत नाही?" दामल्यांनी तशातही विचारलं.

"मला भूक लागलीया."

भर दुपारी हौसाबाईंनी नातवाला पाळण्यात घातलं. दामले तेव्हा पडवीत कोकम सरबत पिऊन आडवे झाले होते. बायका गाणी म्हणत होत्या, त्यातच मधून कुणीतरी त्यांची चौकशी करून जात होतं. गाडी पुढे कोल्हापूरला गेली. हौसाबाईंना परतीची घाई नव्हती. नातू रांगायला लागेपर्यंत, म्हणजे गाडी पुन्हा परीक्षेला येऊन त्यांना घेऊन जाईपर्यंत, त्या तिथेच राहिल्या, आणि भिकाजी साहेबांना जेवू घालून स्वतः मात्र पेजेवर भागवत राहिले.

दोन वर्षांनी गाडी बाजारात आली. पुण्यात मोठा समारंभ होता. दामल्यांनी आठवणीनं दोघांना आमंत्रण पाठवलं, सोबत एस.टी.ची दोन तिकिटं. हौसाबाईंनी तिकिटं बघितली आणि नवऱ्याच्या हातात दिली.

भिकाजी एकटेच गेले. व्यासपीठावर हार घातलेली गाडी उभी होती. दामल्यांनी त्यांना कंपनीच्या मोठ्या साहेबांपुढे नेऊन उभं केलं.

"काय भिकाजी," साहेब म्हणाले, "आमच्या गाडीची मागची सीट कशी वाटली?"

"मला काय ठावं, सायब? मी फुडं बसलेलो. मागं बसनारी घरी हाय. तुळसाकडं फुडच्या म्हयन्यात पुन्ना बारसं हाय. तवा गाडी धाडा, म्हंजे तिलाच इचारता येल."

साहेब हसले. त्यांच्याभोवतीचे सगळे हसले. भिकाजी टोपी हातात घेऊन उत्तराची वाट बघत उभे राहिले.