घालायचा हलवा

मोरिवलीची तुळशी पौषात पहाटे दार उघडून ओला हात बाहेरच्या वाऱ्यात धरायची. हात बधिर पडला तर शेगडी पेटवायची, नाही तर एक शिवी हासडून पुन्हा वाकळेत शिरायची. आतून तिचा नवरा जनू विचारायचा, "कं गो, हाय का हिव?"

"हिव कसला? बायलीचा ढग आयलाय."

तो दिवस वाया जायचा. हलव्याला काटा थंडीतच फुटतो. मंद निखाऱ्यावर परात ठेवायची, तिच्यात खसखस नाही तर तीळ टाकायचे, वर चमचाभर साखरेचा पाक सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी फिरवत राहायचं. पाक सुकला की दुसरा चमचा. असे दोन-तीन दिवस गेले की एकेका दाण्याच्या अंगावर पांढरा काटा उभा राहतो. मधेच बोट थांबलं तर दाणे एकमेकांना चिकटतात, आच वाढली तर पिवळे पडतात, आणि हवा दमट झाली तर आलेला काटा बसतो. बसलेला काटा पुन्हा उठत नाही.

हे काम आमच्या मोरिवलीकडल्या लोकांचं नव्हे. आमच्यात संक्रांतीला तिळाची भाकरी आणि वालाच्या शेंगा, झालं. साखरेचे दागिने करून सुनेच्या अंगावर घालायचे हे थेर अंबरनाथच्या टेसनाकडल्या बंगल्यांतले. तिथं कारखान्याचे साहेब राहायचे. त्यातल्या एका साहेबाची बायको मालिनीबाई. तुळशी तिच्याकडे भांडी घासायला जायची. एका सालात मालिनीबाईची बोटं परातीला भाजली आणि अर्धा हलवा तसाच राहिला. ती म्हणाली, "तुळशे, हात धुऊन बस इथं. बोटं थांबवायची नाहीत, एवढंच."

तुळशी बसली ती दिवस मावळेतोवर. दुसऱ्या दिवशी मालिनीबाईनं दाणा उजेडात धरून पाहिला. बाईला स्वतःला पंधरा वर्षांत असा काटा आला नव्हता.

तेव्हापासून वाटणी पडली. खायचा हलवा मालिनीबाई आपल्या स्वैपाकघरात करायची, कारण आमच्या हातचं तिच्या पाहुण्यांना चाललं नसतं. घालायचा हलवा तुळशीनं आपल्या घरी करायचा. अंगाला आमचा हात चालायचा, तोंडाला नाही. तुळशीला त्याचं काही वाटलं नाही. ती म्हणायची, "घालतान तं सगल्यांना दिसतंय. खाल्ल्यावर कं दिसतंय?"

काळ्या कापडाच्या पट्टीवर दाणे ओवून ती हार करायची, बिंदी, बाजूबंद, कंबरपट्टा, तोडे, मंगळसूत्रसुद्धा. कुणी शिकवलं नव्हतं. हाराच्या फाशाशी ती एक लवंग पाकात घोळून ओवायची, दिष्ट लागू नये म्हणून. तिची पोर काशी लहानपणी ती लवंग चोरून चघळायची आणि धपाटा खायची.

नाताळची सुट्टी लागली की बंगल्यांत पुण्या-दादरचे पाहुणे उतरायचे. लेकी, सुना, नातवंडं. कुणाचा पहिला संक्रांतसण, कुणाच्या पोराचं बोरन्हाण. सगळ्यांना तुळशीच्या हातच्या दागिन्यांचा जोड पाहिजे. आणि नेमकं तेव्हाच आमच्यात भाताची झोडणी उरकून वालाची राखण चालू असायची, कावडीनं पाणी भरायचं असायचं, आणि तुळशीच्या घरात तर माणूस आजारी होता.

जनू लाकडाच्या वखारीत ओंडके ओढायचा. मग खोकला लागला. कल्याणच्या डॉक्टरानं छाती बडवून पाहिली आणि सांगितलं, आराम, दूध, अंडी. आराम तेवढा फुकट मिळाला. चोपन सालच्या पावसाळ्यात तो खाटेला लागला, आणि त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात काशीचं लगीन झालं होतं. बदलापूर गावात, नदीच्या अंगाला दिली होती. घर बरं होतं. सासू बनूबाई जिभेची तिखट. काशीच्या अंगावर मणी-डोरलं सोडलं तर फारसं काही घातलेलं नव्हतं, ते बनूबाईनं मांडवातच मोजून ठेवलं होतं.

दिवाळीला तुळशी लेकीला पाहायला गेली तर चार बायांत बनूबाई म्हणाली, "विहिनबाय साहेबांच्या सुनांना डोक्यापास्नं पायापरत मढवतंय. आमची सून बघा, कशी सोललेले वालावानी."

बाया हसल्या. काशी चुलीपुढं मान घालून बसली होती. तुळशी म्हणाली, "संक्रांत आमची बी येतंय, बनूबाय. पाट मांडून ठेवा. पोरीला मी मढवतंय."

बोलून गेली. पण तिच्या मनातली गोष्ट खरी ती तेवढीच होती. आठ वर्षं दुसऱ्यांच्या पोरी नटवल्या, आता एकदा आपली पोर पाटावर बसलेली बघायची. बनूबाईचं तोंड बंद होईल हे वरचं.

पण डिसेंबरात मालिनीबाईकडनं चार जोडांची मागणी आली. तिची स्वतःची सून वृंदा पुण्याहून येणार होती, बाकी तिच्या मैत्रिणींच्या. नाही म्हणायची सोय नव्हती. जनूचं दूध त्याच घरातून यायचं. म्हणून दिवसा लोकांचे जोड आणि पहाटेच्या दोन तासांत काशीचा, अशी तिनं तजवीज लावली. त्या दोन तासांतच जनूचा खोकला उसळायचा.

"तुळशे, पानी दे."

"थांब. पाक घातलाय."

"मेलू तं?"

"बोटं भरलीन माजी. हा चमचा सुकू दे, देतंय."

जनू थोडा दम खाऊन म्हणायचा, "त्या परातीला जपतंस तवरा मना जपला असतास तं आज मी वखारीन असतू."

"परात खोकत नाय."

तो हसायचा आणि हसण्यानं पुन्हा खोकायचा. मग ती हात झटकून उठायची, पाणी द्यायची, पाठ चोळायची, आणि परत येईतो दाण्यांचा गोळा झालेला असायचा. असा काशीचा हलवा तीनदा बिघडला. चौथ्यांदा तिनं जनूची खाटच शेगडीजवळ ओढली. डाव्या हातानं त्याच्या पाठीवर, उजव्या हातानं परातीत. कोळशाचा धूर त्याला बाधायचा हे तिला कळत नव्हतं असं नाही. जनूलाही कळत होतं. तो म्हणाला, "असू दे गो. ऊब तरी हाय."

भोगीच्या दिवशी जोड पुरा झाला. असा काटा तिला आधी कधी आला नव्हता. बंगल्यांतले चार जोड बरे होते, पण हा वेगळा होता. मंगळसूत्राच्या दोन वाट्या तिनं काबुली चण्यांवर घोळवून केल्या होत्या. जनूनं हार हातात घेऊन वजन पाहिल्यासारखं केलं आणि म्हणाला, "आपले लगनान मी तुना येवरा बी घातला नव्हता."

संक्रांतीला सकाळी जनूला बरं वाटत होतं. दोन घास पेज खाल्ली. जनूचा भाऊ मधु त्याच्याजवळ बसायला आला. तुळशीचा पाय निघेना. जनूच म्हणाला, "जा तू. ऊन चरला तं वितलल ता."

तिनं पाटीत केळीचं पान घातलं, त्यावर जोड मांडला, वर ओलं नाही असं फडकं टाकलं आणि चिखलोलीच्या वाटेनं बदलापूरला निघाली. डोक्यावरची पाटी हलू नये म्हणून सबंध वाट पाय न आपटता चालली. पोचायला उन्हं चढली.

बनूबाईनं फडकं उचललं आणि खरोखरच गप्प झाली. पंचक्रोशीत कुणी असलं पाहिलं नव्हतं. तिनं शेजारच्या आळीतही बोलावणं धाडलं. दुपार कलताना काशीला काळं लुगडं नेसवून पाटावर बसवली. तुळशीनं एकेक दागिना घातला. शेवटी मंगळसूत्र बांधताना बनूबाई म्हणाली, "बांदा विहिनबाय, तुमचेच हाताना बांदा. सवाशिनीचा हात हाय, आन कारागिराचा बी." काशीनं बायांना कुंकू लावलं आणि बायांनी गाणी धरली. काशी खाली बघत होती, पण ओठ दाबून हसत होती. तुळशी भिंतीला टेकून बसली आणि तिला गुळाचा खडा दिला तो हातातच धरून राहिली.

गाणं चालू असताना मधुचा माणूस दारात आला. धावत आला होता. त्याला रीत नव्हती. त्यानं उंबऱ्यातूनच सांगितलं, जनू गेला.

कुणीतरी विचारलं, "कवा?"

"उन्हं डोक्यावर व्हती तवा."

गाणं थांबलं. बायांनी मनातल्या मनात हिशेब केला, तो एकाच जागी येऊन थांबला. ऊन डोक्यावर होतं तेव्हा जनू गेला. मंगळसूत्र बांधलं ते त्याच्या नंतर. म्हणजे रांडावलेल्या बाईनं आपल्या हातानं लेकीच्या गळ्यात मंगळसूत्र बांधलं, आणि सुतक लागलेल्या पोरीच्या हातून वीस सवाशिणींनी कुंकू लावून घेतलं. ज्या बाया आतापर्यंत काशीचा हात हातात घेऊन काटा बघत होत्या त्या कपाळ पुसायला लागल्या.

बनूबाईनं काशीच्या गळ्यातलं मंगळसूत्र ओढलं, दोरा तुटून दाणे पाटाखाली गेले. मग हार, बाजूबंद, कंबरपट्टा. सगळं काळ्या लुगड्यात गुंडाळून उल्हास नदीत टाकायला पाठवलं. तुळशीला म्हणाली, "नवरा मराला टाकून साखर मिरवाला आयलीस? आन माजे पोराचे जीवावर बांदलीस?"

"मना म्हाईत नव्हता, बनूबाय."

"तुना नव्हता. देवाला व्हता."

तुळशी चिखलोलीच्या वाटेनं परत गेली. मधुनं सांगितलं की जनूनं शेवटी पाणी मागितलं होतं. मधुनं पुढं केलं. जनू म्हणाला, "तू नको, ती देतंय. पाक सुकू दे." आणि मग गेला.

काशीला तेराव्यालाही पाठवली नाही. नंतरही नाही. तुळशी एकदा बदलापूरला गेली तर दार लावून घेतलं. पुढं काशीच्या नवऱ्याचा हात भात सडायच्या गिरणीत सापडून दोन बोटं गेली. ती का गेली याबद्दल त्या घरात कुणाला शंका नव्हती. काशीलाही नव्हती.

मोरिवलीत तुळशीनं परात पालथी घातली. पुढल्या नाताळात मालिनीबाईनं बोलावून घेतलं. म्हणाली, "माझा विश्वास नाही या गोष्टींवर. पण लोकांचा आहे. तू आमच्या मागच्या पडवीत बसून कर. दूध-तांदूळ नेत जा. कुणी विचारलं तर मी सांगेन, दुसरी बाई करते."

"कोन बाई?"

"कुणीतरी. सवाशीण."

तुळशीनं थोडा विचार केला. घरात एकटीनं बसून तरी काय करायचं होतं? ती पडवीत बसायला लागली. दार लोटलेलं असायचं. हिवाळ्याचा दीड महिना तिचे हात चालायचे, बाकीचं साल नुसतेच असायचे. काटा तसाच यायचा. बोटांना नवरा मेलेला कळला नव्हता.

अठ्ठावनच्या संक्रांतीनंतर एका सकाळी पुढच्या ओट्यावर बनूबाईचा आवाज आला. काशीला पोरगा झाल्याचं तुळशीनं ऐकलं होतं, पाहिला नव्हता. साहेबांचं बघून आता गावातही बोरन्हाणं निघाली होती, आणि हलव्याचा जोड इथं मिळतो हे बनूबाईला कुठूनसं कळलं होतं. तुळशीनं परात पालथी घातली एवढंच त्या घराच्या कानावर होतं. सोबत काशी होती, काखेत पोर. ते 'बू बू' करत होतं.

तुळशीचा पाक नुकताच घातलेला. बोटं फिरत राहिली.

"कोनाचे हातचा हाय, बाय?" बनूबाईनं विचारलं. "सवाशिन हाय ना?"

"हो, हो," मालिनीबाई म्हणाली. "बघा, पोरासाठी मुकुट, हार, बासरी. हार बघा."

"काटा कवरा बेस हाय. काशे, घे, बघ."

लोटलेल्या दाराच्या फटीतून तुळशीला लेकीचा हात तेवढा दिसत होता. काशी हार बोटांवरून सरकवत होती. फाशाशी आली आणि अंगठा थांबला. लवंगेवर. तो तिथंच राहिला. तिनं हार नाकाशी नेला.

तुळशीची बोटं त्या दिवशी, पहिल्यांदाच आपोआप, परातीत थांबली.

"नको आत्या," काशी सासूला म्हणाली.

"नको? अगो, कवरा सोबंल पोराला."

"नको बोलली ना. कल्यान क्यांपान चला, दोन नंबरला. सिंध्याकरं गोल गुलगुलीत मिलतो. यो टोचंल पोराला."

तिनं हार ताटात ठेवला. टाकला नाही, नीट ठेवला. काखेतलं पोर ताटाकडं हात करत होतं, त्याची मूठ तिनं पदरानं पुसून काढली, तीनदा. मागच्या दाराकडं पाहिलं नाही. दोघी पायऱ्या उतरून गेल्या. पोराचं 'बू बू' फाटकापर्यंत ऐकू आलं.

मालिनीबाई आत आली. "तिला पसंत नाही पडला गं," म्हणाली, आणि परातीकडं बघून, "अगं, गोळा झाला सगळा."

"व्हय," तुळशी म्हणाली. "तो हार आना बाय हिकरं."

तिनं हारातली लवंग दोऱ्यातनं काढली, जागा एका पांढऱ्या दाण्यानं भरली आणि फास पुन्हा बांधला. त्यानंतर तिनं कुठल्याच हाराला लवंग ओवली नाही. जोड त्याच आठवड्यात दादरच्या कुणा पाहुण्यांनी नेला. पोराला फार छान दिसला, असं मालिनीबाईनं सांगितलं.