वाटेवरच्या लगोऱ्या

"साहेब, आम्ही तुमच्या दगडांच्या मागं मागंच चाललोय. पण माय दिसंना."

हा फोन आला तेव्हा मी अभयारण्याच्या गेटवरच्या चौकीत भजी खात बसलो होतो. नवरात्रातला रविवार, दुपार कलती झालेली. तिकिटाच्या मागं चौकीचा नंबर छापलेला असतो, त्यावरून त्या माणसानं लावला होता. धाप लागलेली ऐकू येत होती.

"आत्ता कुठं आहात तुम्ही?"

"दगडांपाशी."

"कोणत्या दगडांपाशी?"

"एकावर एक ठेवलेत बघा, त्या."

मी हातातलं भजं कागदावर ठेवलं. त्या दिवशी डोंगरावर एकावर एक दगड नसलेली जागा कुणी विचारली असती, तर मला सांगता आली नसती.

मी वनखात्यात रेंजर आहे. बऱ्याच गावांचं जंगल मिळून एक रेंज होते. तिचे तुकडे म्हणजे बीट, आणि एकेक बीट एकेका वनरक्षकाकडे. लोकांना वाटतं आमचा सगळा वेळ जनावरांत जातो. आमच्याकडे वाघ नाही. बिबट्या आहे, तो दिसत नाही. दिसतात ती माणसं. डोंगरावर देवीचं ठाणं आहे. तिथवर सिमेंटच्या पायऱ्या आहेत. ठाण्याच्या मागून पठारावर एक जुनी पायवाट जाते. संभाजीनगरपासून सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येतं, म्हणून ती वाट पर्यटकांसाठी नेचर ट्रेल करायची असं वरून ठरलं, आणि काम माझ्याकडे आलं.

ट्रेल म्हटलं की खुणा आल्या. लोखंडी पाट्या लावल्या, त्या भंगारात गेल्या. लाकडी लावल्या, त्यांना म्हशींनी अंग घासून आडवं केलं. मी मॅडमना, म्हणजे आमच्या डीएफओंना, विभागाच्या वनाधिकाऱ्यांना, म्हटलं, "खडकावर पांढऱ्या पेंटनं बाण काढू."

मॅडम म्हणाल्या, "अजिबात नाही. तुमच्या त्या पठारावर प्रेमवीरांनी आधीच पुरेसं रंगकाम केलंय. निसर्गाला धरून काहीतरी करा."

मला हिमाचलमधलं ट्रेनिंग आठवलं. तिथं वाट दाखवायला दगडांचे छोटे मनोरे रचतात. एक दिसला की पुढचा शोधायचा. खर्च नाही, रंग नाही, चोरायला काही नाही. मी आणि वनरक्षक बनसोडे, दोघांनी वाटेनं तसे मनोरे रचले. खाली मोठा दगड, वर मधला, त्यावर लहान. बनसोडे त्यांना लगोऱ्या म्हणायचा. मॅडम येऊन बघून गेल्या, खूश झाल्या. मीटिंगमध्ये पडद्यावर फोटो दाखवला. माझं नाव घेतलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझं नाव चांगल्या कामासाठी कधी घेतलं गेलेलं मला आठवत नाही, म्हणून ते मला फार लागलं. गोड लागलं, असं म्हणायचंय.

मग लगोऱ्या वाढायला लागल्या.

आधी मला वाटलं बनसोडेनं उत्साहानं जास्तीच्या रचल्या. त्याला वाटलं मी. दोघंही एकमेकांना काही बोललो नाही. शेवटी ठाण्यापाशी नारळ विकणाऱ्या कडूबाईनं मला विचारलं, "साहेब, तुम्हालाबी घर न्हाई व्हय?"

"का हो?"

"मंग तेवढे दगड कशापायी मांडले?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. या भागात दुसऱ्या देवींच्या डोंगरांवर माणसं दगडावर दगड ठेवतात आणि स्वतःचं घर होऊ दे म्हणून मागणं मागतात. जितके दगड तितके मजले. मी याच भागात वाढलो. लहानपणी आईबरोबर जाऊन मीही मांडलेत. पण ट्रेनिंगचा कागद हातात आला आणि ते डोक्यातून पार गेलं. आमच्या देवीपाशी ही चाल आधी नव्हती. ती मीच सुरू करून दिली होती. कडूबाई गिऱ्हाइकांना सांगत होती, "मागल्या अंगाला मांडा. खुद्द साहेबानं मांडलेत." गंगापूरकडून जीप भरभरून बाया येत होत्या. माझ्या लगोऱ्या रेखीव असल्यानं सगळे तशाच रचत होते.

मी हसलो आणि घरी जाऊन बायकोला किस्सा म्हणून सांगितला.

मॅडमच्या कानावर गेलं तेव्हा त्या चिडल्या. "एकेका दगडाखाली पाली असतात, विंचू असतात, अंडी असतात. सगळं उलथलं गेलंय. नवरात्राच्या आत काढून टाका. तुमच्या खुणा तेवढ्या ठेवा."

तुमच्या खुणा तेवढ्या ठेवा. वाक्य सरळ होतं. मी पठारावर जाऊन उभा राहिलो आणि मला माझी एकही खूण ओळखू येईना. बनसोडेला म्हटलं, "ही आपली ना?"

"असंल, साहेब."

"आणि ती?"

"तीबी असंल."

"अरे, एक काहीतरी सांग."

"मला इचारू नका, साहेब. आन् पाडायलाबी सांगू नका. मी नवसबिवस मानत न्हाय, आमच्या घरात ते चालतबी न्हाय. पण कुणाचं तरी घर आहे ते. मी हात लावनार न्हाय."

म्हणून मी एकट्यानं पाडल्या. आठवेल तशा. पठाराच्या मध्यावर वाट डावीकडं वळते. सरळ गेलं की कडा. त्या वळणावर लगोऱ्यांची गर्दी होती. त्यातल्या काही मी लाथेनं पाडल्या. घाम आला होता, ऊन होतं, लाज वाटत होती. वळणावरची माझी खूण मी राखली की पाडली, हे मला त्या दिवशीही नक्की माहीत नव्हतं आणि आजही नाही. परत जाऊन बघायला हवं होतं. गेलो नाही. नवरात्रापुरती वाट बंद करायला हवी होती. केली नाही. वाट का बंद केली, असं मॅडमनी विचारलं असतं, आणि मग तो फोटो, ते नाव.

तर रविवारचा तो फोन. बनसोडेला घेऊन मी धावलो. पठारावर तो माणूस आणि त्याची बायको भेटली. नाव कैलास. वाळूजच्या एका कंपनीत मशीनवर काम, बजाजनगरात भाड्याची खोली. आई सुभद्राबाई पुढं चालत होत्या, हे दोघं मागं फोटो काढत राहिले.

"ती हरेक दगडापाशी थांबायची, साहेब. वर एक खडा ठेवायची. म्हनायची, ही कैलासची खोली, हे सैपाकघर, हा नातवाचा माळा. आम्ही हसत होतो."

"कोणत्या बाजूला गेल्या?"

"दगड होते तिकडं."

दगड सगळीकडं होते. मी पाडलेल्या लगोऱ्या नवरात्रातल्या लोकांनी पुन्हा रचल्या होत्या. मी डावीकडं बघितलं, तिकडं लगोऱ्या. सरळ बघितलं, तिकडंही लगोऱ्या. माझ्याच ट्रेलवर मी वळण चुकलो. आम्ही एका बाजूला हाका मारत गेलो, परत आलो, पुन्हा त्याच जागी आलो असं वाटलं, पण ती जागा तीच होती का, तेही कळेना. उन्हं उतरायला लागली होती. कैलासची बायको रडत होती. बनसोडे मला हळूच म्हणाला, "साहेब, वरचा खडा बघा."

काही लगोऱ्यांच्या वर एकेक पांढरी गारगोटी होती. कैलास म्हणाला, मायनं पायऱ्यांपाशी पदरात गारगोट्या भरून घेतल्या होत्या. आम्ही गारगोट्या धरून चालत गेलो. त्या सरळ गेल्या होत्या. कड्याकडं.

सुभद्राबाई कड्याच्या अलीकडच्या घळीत बसलेल्या सापडल्या. घसरून पडल्या होत्या. पाय विचित्र वळला होता. तोंडावर माती. मला बघून म्हणाल्या, "लेकरा, पुढं दगडच न्हाईत रं. घर अर्धंच ऱ्हायलं."

त्यांना चादरीत घालून खाली आणलं. गाडी येईपर्यंत गेटवर थांबलो होतो, तेव्हा मॅडमचा फोन आला.

"जिवाला धोका?"

"नाही, मॅडम. मांडीचं हाड मोडलंय बहुतेक."

"त्यांनी मार्क केलेली वाट सोडली होती का?"

कैलास माझ्यासमोर उभा होता. आईची चप्पल हातात धरून.

मी म्हटलं, "हो, मॅडम. सोडली होती."

कैलासनं मान खाली घातली. मी फोन ठेवल्यावर म्हणाला, "आमचीच चूक, साहेब. मायला एकटं सोडाया नको होतं. तुम्हाला तरास झाला." आणि माझ्या पायांकडं वाकला. मी मागं सरलो. बनसोडेनं माझ्याकडं बघितलं आणि तो गेट लावायला निघून गेला. गेट लावायची वेळ झाली नव्हती.

मला कुणी काही विचारलं नाही. मॅडमची बदली झाली. कैलास मात्र मधून मधून फोन करायचा. माय आता वॉकरवर चालते, माय तुमची आठवण काढते. प्रत्येक फोननंतर वाटायचं, पुढच्या वेळी सांगू. मग यंदा त्याचं वास्तुशांतीचं आमंत्रण आलं. बजाजनगरात खालच्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा त्यानं घेतली होती. मी गुलमंडीच्या बाजारातून सुभद्रामावशींसाठी लुगडं घेतलं आणि गेलो.

मावशी खुर्चीवर बसल्या होत्या. माझा हात धरून सगळ्यांना सांगायला लागल्या, "ह्याच साहेबानं मला कड्यावरून आणलं. ह्याच्याच डोंगरावर मागितलं अन् मिळालं."

मला ते सहन झालं नाही. मी म्हटलं, "मावशी, तुम्ही वाट सोडलीच नव्हती. त्या खुणा मीच सुरू केल्या होत्या. वळणावरची खूण बहुतेक मीच पाडली. आणि आमच्या मॅडमना खोटं सांगितलं की तुम्हीच चुकलात."

त्या म्हणाल्या, "म्हंजी तू पाडली अन् मी पडले?"

"हो."

"अन् घर तरी झालंच की. मंग देवीनं कुनाचं ऐकलं म्हनायचं?"

मी लुगडं पुढं केलं. त्यांनी ते मांडीवर घेतलं, काठ बघितला, छान आहे म्हणाल्या. कैलास ताट घेऊन उभा होता. ते त्यानं माझ्यापुढं ठेवलं, व्यवस्थित, पाणीही दिलं. जेवण झाल्यावर दारापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, "मी तुमच्या पाया पडत होतो, साहेब. तेवढं तरी तवाच सांगायचं."

त्यानंतर त्याचा फोन आलेला नाही. मी केला नाही. करावा की नाही, कळत नाही. सांगितलं ते त्याच्यासाठी की माझं ओझं उतरावं म्हणून, हेही नीट कळत नाही.

ट्रेलवर आता लगोऱ्या नाहीत. नवीन खुणा काय कराव्यात यावर बनसोडे म्हणाला होता, झाडांना लाल फडकी बांधू. मी म्हटलं, मग लोक लेकरांच्या नवसाचे पाळणे बांधतील. शेवटी सिमेंटमध्ये बुटक्या खुंट्या रोवल्या. माणसं त्यांना हळदकुंकू वाहतात. वाहू देत. खुंट्या तिथंच राहतात आणि त्यांना पिल्लं होत नाहीत. खूण करणाऱ्यानं एवढं बघावं. आणि कुणी विचारलं की वाट कुणी सोडली, तर समोर कोण उभं आहे तेही बघावं.