भाताआधी पेज

मित्रहो, आज अहेरीच्या बाजारात मी भुकेवर तासभर बोललो. भाषण संपताच जंगलात आठ दिवस वाट चुकलेल्या एका मजुराला लोकांनी आणलं. मी लगेच त्याच्यापुढे भाताचं ताट ठेवलं.

त्याच्या आईनं ते ओढून घेतलं. "मारता का भाऊ त्याले? पयले पेज!"

ती पळीपळीनं पातळ पेज पाजू लागली. तो भाताकडे बघत तिला शिव्या देत होता.

"बाई, खाऊ द्या ना," मी म्हणालो.

"भूक डोयाले लागली हाय, पोटाले पेलत नाई. याचा बापबी असाच उपाशी आला होता. मीच पोटभर वाढलं. वाचला नाई."

संध्याकाळी त्यानं स्वतःच्या हातानं वाटी धरली.

भुकेवर बोलणारे आपण, उपाशी माणसाला पहिला घास कसा द्यावा, हे कधी कुणाला विचारलं होतं?