रुमालाखालचा भाव

जगातल्या कुठल्याही गोष्टीचा भाव मोठ्याने बोलू नये, या एका तत्त्वावर अख्खा जन्म काढलेला माणूस मी एकच पाहिला आहे, आणि तो नेमका माझा सासरा आहे. मामा वडवणीच्या आठवडी बाजारात शेळ्यामेंढ्यांचे दलाल. घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा हात आळीपाळीने खांद्यावरच्या रुमालाखाली धरायचा, बोटे दाबून आकडा सांगायचा आणि चेहरा आभाळात ढग शोधत असल्यासारखा ठेवायचा, हा त्यांचा धंदा. एक बोट धरले तर एक हजार, अख्खा पंजा धरला तर पाच. शेजारच्याला कळतच नाही की जनावर कितीला गेले. त्यामुळे प्रत्येकाला वाटते आपल्यालाच स्वस्तात मिळाले, आणि बाजार सुखाने उठतो.

ही सवय बाजारापुरती राहिली असती तर माझी काही तक्रार नव्हती. पण आमच्या लग्नाच्या बैठकीत खर्चाची बोलणी निघाली तेव्हा मामांनी माझ्या वडिलांचा हात रुमालाखाली ओढला. वडील शाळामास्तर. त्यांना वाटले, मुलीच्या बापाला गहिवरून आले. म्हणून त्यांनीही मामांचा हात चांगला घट्ट दाबला. त्या एका दाबात मांडव, जेवणावळ आणि वाजंत्री आमच्याकडे आली. पुढे एकदा दाढ काढायला मी मामांना बीडला नेले. डॉक्टरांनी फी सांगायला तोंड उघडले, तर सुजल्या गालाने मामांनी त्यांच्यापुढे रुमाल धरला. म्हणाले, "डाक्टरसायेब, भाईर लोक बसलेत. वरडता कावून?"

अशा माणसाच्या नशिबी जावई आला तो मी. गिऱ्हाइकाने फोनवरून पैसे पाठवले की आकडा ओरडून सांगणाऱ्या बोलक्या पेट्या दुकानांत बसवणे, हे माझे काम. दिवसभर उन्हातान्हात मोटारसायकल, संध्याकाळी साहेबाची बोलणी, आणि कुठली पेटी मुकी झाली की जेवायच्या ताटावर दुकानदाराचा फोन. मी इतका थकलेला असतो की घरात कोणी मोठ्याने बोलले तरी पेटीच वाटते. तर बाजारातल्या एका व्यापाऱ्याने पेटी मागितली आणि मी बसवली. पहिल्याच बाजारी मामांनी बराच वेळ बोटे दाबून एका गिऱ्हाइकाला बोकड मिळवून दिला, आणि पेटीतली बाई खणखणीत आवाजात म्हणाली, "आठ हजार रुपये प्राप्त झाले." नुकताच तसलाच बोकड दहाला नेलेला गडी दोरी धरून तरातरा परत आला. मामांनी घाईघाईने पेटीवर रुमाल टाकला. पुढचा आकडा ती रुमालाखालून बोलली.

"गप की बाई!" मामा कळवळून म्हणाले. "चारचौघांत काय सांगावं, काय न्हाई, काई रीत हाय का न्हाई?"

सगळा बाजार हसला. मी हसलो नाही, मला त्यांच्याच घरी जेवायचे होते.

खरे दुखणे मात्र वेगळे होते. मामा नुसता भाव ठरवत नसत. घेणाऱ्याचे पैसे कमी पडले तर ते व्यापाऱ्याला म्हणत, "माझ्यावर सोड," आणि जनावर जाई. कागद नाही, सही नाही. पैसे पुढच्या बाजारी येत. नाही आले तर मामा पदरचे भरत आणि सासूबाई त्यांच्याशी बोलायच्या बंद होत. आता फोनच उसने देतो आणि फोनच पैसे पोचवतो. कित्येक महिन्यांत मामांवर कोणी काही सोडले नव्हते. "आमच्या जबानीला आता गिऱ्हाईक न्हाई, पाव्हणं," ते एकदा म्हणाले. मला फार वाईट वाटले.

मागच्या बाजारी नांदूरघाटच्या एका मेंढपाळाने दोन मेंढ्या घेतल्या. त्याच्या खात्यातून पैसे गेले, पण पेटी काही बोलेना, आणि व्यापारी दोरी सोडेना.

"माझे गेलेत की, दादा!"

"माझ्याकडं आले न्हाईत बे."

मेंढपाळ रडकुंडीला आला. मामांकडे वळून म्हणाला, "आबा, आता तुमीच सांगा की ह्यास्नी."

मामा उठले. टोपी नीट केली, रुमाल झटकला. व्यापाऱ्याचा हात त्याखाली धरला आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असे, जन्मात पहिल्यांदा मोठ्याने म्हणाले, "माझ्यावर सोड."

व्यापाऱ्याने मान डोलावली. दोरी सैल सोडणार, तेवढ्यात पेटी बोलली, "चौदा हजार रुपये प्राप्त झाले."

लोक हसले. मेंढपाळाने पेटीला हात जोडले आणि मेंढ्या हाकत निघून गेला. व्यापारी हात सोडवून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. मामांचा हात रुमालाखाली तसाच राहिला.

नंतर आम्ही चहाच्या टपरीवर बसलो. मामांनी हळूच माझा हात रुमालाखाली घेतला आणि अख्खा पंजा धरला.

"पाच?" मी विचारले. "पाच कशाचे, मामा?"

"कशाचे न्हाई," ते बाजाराकडे बघत म्हणाले. "नुस्ता धरलाय."

माझ्या खिशात फोन वाजत होता. कुठली तरी पेटी मुकी झाली असणार. मी तो वाजू दिला.