साहेबाचा सांगावा

जिवंत माणसांपेक्षा मेलेल्यांची अधिक आस्थेने विचारपूस करणारा माणूस अख्ख्या आयर्लंडात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या नवऱ्याचा मामेभाऊ निघावा, हा माझ्या नशिबाचा भाग. मी त्यांना भाऊजी म्हणते. आमच्या लेकीला मराठी सगळं समजतं, पण उत्तर मात्र आमच्या इथल्या, पोर्टलीश गावच्या इंग्रजीतच सुचतं. ती त्यांना 'ग्रेव्हयार्ड काका' म्हणते आणि भाऊजींना तो किताब वाटतो. शस्त्रक्रियेची उपकरणं बनवणाऱ्या एका कारखान्यात ते गुणवत्ता तपासतात, आणि ती सवय घरीही सुटत नाही. दोन पुरावे हाती आल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, हा त्यांचा धर्म. चहात साखर घातली आहे असं मी सांगितलं तरी आधी बशीतला चमचा निरखतात, मग घोट घेतात. एकेकाळी स्थळंही सांगून यायची. भाऊजींनी प्रत्येक मुलीच्या खापरपणजोबांची चौकशी सुरू केली, आणि मुलीकडच्यांनी भाऊजींची चौकशी बंद केली. ते अजून एकटेच आहेत.

गाडी त्यांना उत्तम चालवता येते, परवाना तेवढा मिळत नाही. परीक्षेच्या दिवशी एका जुन्या चर्चचं फाटक दिसलं तशी त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि परीक्षकाला 'एकच मिनिट' म्हणून उतरले. परीक्षक आयरिश, गप्पिष्ट, तोही उतरला. दोघांनी मिळून थडग्यांवरचे लेख वाचले, एकमेकांच्या गावांची माहिती घेतली, आणि परत आल्यावर त्याने अत्यंत प्रेमाने भाऊजींना नापास केलं. तेव्हापासून शनिवारी सकाळी भाऊजी आमच्या दारात हजर असतात. "वहिनी, मोकळ्या आहात ना? जाऊन येऊ जरा. क्रॅक होईल." मजेला इथे क्रॅक म्हणतात. भाऊजींच्या क्रॅकमध्ये गुडघाभर ओल्या गवतात उभं राहायचं, मऊ ब्रशने दगडावरचं शेवाळ काढायचं, आणि खाली भलत्याच कुणाचं नाव निघालं की त्या भलत्याचीही आपुलकीने चौकशी करायची, एवढं सगळं येतं. मी कुरकुरते, पण थर्मास आदल्या रात्रीच धुऊन ठेवते.

हा सगळा खटाटोप कॅप्टन थॉमस जॉर्ज पामर नावाच्या एका माणसासाठी. भाऊजींचं गाव नगरकडचं. गावाबाहेर लिंबाच्या झाडाखाली या कॅप्टनचं थडगं आहे. पेशवाई बुडाल्यानंतर कधीतरी हा तरुण फौजेबरोबर तिथे आला, तापाने गेला आणि तिथलाच झाला. गावाने त्याला साहेबबाबा करून टाकलं. किरकिरं पोर त्याच्या पायाशी घालतात, गुरुवारी उदबत्ती लावतात, आणि साहेब म्हणून नैवेद्य चहा-बिस्किटांचा दाखवतात. दगडावर नावाखाली कोरलं आहे, क्वीन्स काउंटी, आयर्लंड. पोर्टलीश ज्या परगण्यात आहे त्याचं हे जुनं नाव, हे भाऊजींना नोकरीचं पत्र आल्यावर कळलं. त्यांनी ते आईला सांगितलं, आणि तिथून माझे शनिवार गेले.

म्हातारीने मुलाला परदेशी पाठवताना थंडीत काळजी घे वगैरे काही म्हटलं नाही. ती म्हणाली, "तो साहेब तिकडचाच ना रं? मग त्याच्या घरी कुणी सांगावा धाडला का? का आई वाट बघत ऱ्हायली त्याची?" आपल्याकडे माणूस गेला की रडण्याच्याही आधी धावपळ सुरू होते ती कळवण्याची. दोनशे वर्षं झाली तरी त्या बाईच्या लेखी हे काम राहून गेलेलं होतं. सरकारने तेव्हाच कळवलं असेल, असं मी एकदा सुचवून पाहिलं. भाऊजी म्हणाले, पुरावा काय? रविवारच्या फोनवर आई आधी 'जेवलास का' विचारायची आणि लगेच 'कळवलंस का'. गेल्या वर्षी तिने अंथरूण धरलं. मग तिचा 'जेवलास का' मागे पडला आणि 'कळवलंस का' तेवढा उरला. भाऊजींचा ब्रश त्यानंतर जरा घाईने चालू लागला, हे मला दिसत होतं.

शोधाची पद्धत शास्त्रशुद्ध होती. थॉमस जॉर्ज पामर, म्हणजे थॉमस हा मुलगा आणि जॉर्ज त्याचे वडील. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. पुरुषाच्या नावात मधल्या जागी वडिलांशिवाय दुसऱ्या कुणाला बसलेलं आपण कधी पाहिलंय? भाऊजींनी परगण्यातल्या चर्चच्या दप्तरांतून जॉर्ज पामर शोधला. त्याला थॉमस नावाचा मुलगा सापडल्यावर त्यांनी मला चिप्स खाऊ घातल्या. मग त्या जॉर्जच्या दुसऱ्या मुलाचा वंश धरून ते पिढी पिढी खाली उतरले आणि थेट एका जिवंत माणसाच्या दारात येऊन थांबले. आमच्यापासून अर्ध्या तासावर राहणारा रॉबर्ट पामर. वयस्कर शेतकरी, ब्रह्मचारी, घरात एक कुत्रा. हिंदुस्थानात तुमचा माणूस आहे, असा भाऊजींचा फोन गेल्यावर त्याने शनिवारी चहालाच बोलावलं.

आम्ही पोचलो तेव्हा म्हातारा टाय लावून बसला होता. प्रेसमधून, म्हणजे कपाटातून, ठेवणीतले कप निघाले होते. बशीत बिस्किटं पाहून भाऊजी माझ्याकडे बघून हळूच हसले. त्यांनी भलामोठा वंशवृक्ष टेबलावर पसरला आणि सगळ्यांत खालच्या रिकाम्या चौकटीसाठी नाव विचारलं, पूर्ण नाव. रॉबर्ट आर्थर पामर, म्हातारा म्हणाला. भाऊजींचं पेन थबकलं. त्यांच्या कागदावर म्हाताऱ्याच्या वडिलांचं नाव सॅम्युअल होतं. मग आर्थर कोण? म्हाताऱ्याने खुशीत सांगितलं, आर्थर हे आमच्या जनावरांचे डॉक्टर. मी जन्मलो त्याच आठवड्यात त्यांनी आमची गाय वाचवली, म्हणून वडिलांनी त्यांचं नाव मला मध्ये दिलं.

भाऊजी त्या वंशवृक्षाकडे बघत राहिले. जॉर्ज हा कॅप्टनचा बाप नसून मामा असेल, शेजारी असेल, गुरांचा डॉक्टरही असेल. दुसरा कुणी असता तर चौकट भरून, चहा पिऊन निघाला असता. म्हाताऱ्याला काय कळणार होतं? भाऊजींनी पेन खिशात ठेवलं आणि खरं ते सगळं सांगितलं. आमच्याकडची नावांची रीत, आपली चूक, आणि आईचा प्रश्नही. कॅप्टन तुमचा असेलच असं मला म्हणता येत नाही, माफ करा, एवढं बोलून ते कागद गुंडाळायला लागले. मला त्यांचा फार अभिमान वाटला आणि फार वाईटही वाटलं.

म्हातारा कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवत बसला होता. त्याने विचारलं, "म्हणजे अजून कुणालाच कळवलेलं नाही?"

"नाही."

"मग मला कळवा. मीही पामरच आहे, आणि ऐकायला दुसरं कुणी दिसत नाही."

भाऊजी उभे राहिले. नावांच्या गर्दीत वाट न चुकणारा हा माणूस चार वाक्यांना अडखळला. तुमचा थॉमस तापाने गेला, ते म्हणाले. लिंबाच्या सावलीत आहे. बायका जागा झाडतात, उदबत्ती लावतात. त्याला तिथे कुणी परका मानत नाही. म्हाताऱ्याने खिडकीबाहेर बघत सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हटलं, तुमच्या आईला माझे आभार सांगा.

गाडीत बसल्या बसल्या भाऊजींनी गावी फोन लावला. आईचा आवाज अगदी बारीक झाला होता. "आई, कळवलं," ते म्हणाले. मग तिने विचारलं, "रडलं का रं कुनी त्याच्यासाठी?"

दोन पुराव्यांशिवाय साखरेवर विश्वास न ठेवणारे भाऊजी एका हाताने डोळे पुसत म्हणाले, "हो आई. रडलं."

आई पावसाळ्यात गेली. भाऊजींनी गावाहून पहिला फोन आम्हाला केला आणि दुसरा रॉबर्ट पामरला. परत आल्यावर खऱ्या थॉमसचा शोध त्यांनी पुन्हा सुरू केला आहे, पण आता घाई अशी काही उरलेली नाही. शनिवारी आम्ही एखादं चर्च पाहतो आणि मग म्हाताऱ्याकडे चहाला थांबतो. बिस्किटं मी घरून नेते.